आईबापांचा पेपर

बाईंच्या घरी लेकरांना मनाई होती. लोक त्यांच्याकडे यायचे ते लेकरांच्याच कामासाठी, सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचं विचारायला. पाचवीतल्या मुलांनी ती परीक्षा द्यायची, आणि यादीत नाव लागलं तर सहावीपासून बारावीपर्यंत शिकणं, राहणं, जेवणखाण सगळं तिथंच. पण बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "पोरगं सोबत आणलं असन तर गेटाबाहेर उभं करा, अन् तुमी एकटे या."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी रुची माझा हात धरून उभी होती. एप्रिल महिना, सकाळचे अकरा. मी म्हटलं, "बाई, बाहेर ऊन आहे वो."

"मंग उद्या ये. एकटी." आणि खिडकी बंद.

हो, खिडकीच. हुडको वसाहतीतल्या त्यांच्या घराला पुढे जाळीचा वरांडा होता आणि स्वयंपाकघराची खिडकी त्या वरांड्यात उघडायची. बाई आत उंच स्टुलावर बसायच्या, विचारणाऱ्यानं वरांड्यात उभं राहायचं. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत काढली होती, स्टेशनावरच्या पूछताछ खिडकीमागे. रिटायर झाल्यावर सोफ्यावर बसून माणसाशी बोलणं त्यांना जमेचना, असं त्या स्वतःच सांगत. मध्ये गज असले की त्यांचं डोकं चालायचं. हिंदी लोक त्यांना 'पूछताछवाली मॅडम' म्हणत, आम्ही मराठी बायका नुसतं 'बाई'. मूळच्या नागपूरकडच्या, वडीलही रेल्वेतलेच. लग्न केलं नव्हतं. नाकावर एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा. जवळचा कोणता आणि लांबचा कोणता हे त्यांनाही दर वेळी घालून पाहावं लागे.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले.

"विचार."

"बाई, त्या परीक्षेचं सांगा."

"काय सांगू?"

"सगळं."

"सगळं कोनालेच सांगता येत नाही. प्रश्न विचार."

मला प्रश्न सुचेना. मागे तिघं जण उभे, त्यातला एक स्टील प्लांटचा बिल्ला लावलेला.  बाईंनी गजांतून कागदांचा एक जुडगा बाहेर सरकवला. परीक्षेचं माहितीपत्रक होतं, हिंदीतलं.

"हे वाच. मोठ्यानं. जिथं समजनार नाही तिथं थांब. तोच तुहा प्रश्न."

मी ब्लाउज शिवणारी बाई. बारावी केली, मग गोंदियाकडून लग्न होऊन या हिंदी मुलखातल्या प्लांटच्या शहरात, खुर्सीपार वस्तीत आले. त्याला तेरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मोठ्यानं काहीही वाचलेलं नव्हतं. परक्या माणसांसमोर मी बोट ठेवून ठेवून सरकारी हिंदी वाचली. मी अकरा ठिकाणी थांबले. अकराही ठिकाणी बाईंनी उत्तर दिलं, जेवढं विचारलं तेवढंच. आश्चर्य म्हणजे मागचे तिघं कुरकुरले नाहीत. त्यांनाही त्या अकरा गोष्टी माहीत नव्हत्या.

निघताना मी विचारलं, "बाई, पोरगी हुशार आहे माझी. लागेल ना?"

"मले नाही माहीत."

"तरी पण अंदाज?"

तेव्हा त्यांनी सांगितलेलं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. म्हणाल्या, "गाडी लेट असन तर लेट सांगाची. 'येऊनच राहिली' म्हटलं का मानूस प्लॅटफॉर्मवर बसून राह्यते. घरी बी जात नाही अन् दुसरी गाडी बी धरत नाही. मी असं एकदाही सांगतलं नाही नोकरीत. आता काऊन सांगू?"

लेकरांना मनाई कशासाठी, हेही त्यांनी एकदा सांगितलं. "लेकरू समोर दिसलं का माह्या तोंडातून खोटं निघते. 'होऊन जाईन बेटा' म्हनते मी. अन् मंग त्याचं नाही झालं तर? ते मलेच शोधत येईन ना."

पण बाईंची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. त्या आईबापांचा पेपर घ्यायच्या.

पावसाळा सरला की एका रविवारी सकाळी वरांड्यात सतरंजी अंथरली जायची. सात-आठ पालक खाली मांडी घालून बसायचे, समोर मागच्या कुठल्यातरी वर्षाचा पेपर आणि गोल काळे करायची उत्तरपत्रिका. ऐंशी प्रश्न, दोन तास, काळा बॉलपेन. मोबाइल बाईंच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात. पाणी प्यायचं तर हात वर करायचा. मध्येच उठून गेलेल्याला बाई त्या वर्षी पुन्हा काही सांगत नसत. शेजाऱ्यांना मोठी मौज वाटायची. मोठमोठी माणसं, कुणी स्मृति नगरातले साहेब, कुणी ठेक्यावरचे मजूर, ओळीनं बसून आकृत्यांकडे टक लावून पाहताहेत.

त्या वर्षी माझ्या शेजारी स्मृति नगरातल्या एक मॅडम बसल्या होत्या. सुती साडी, मनगटावर छोटं सोनेरी घड्याळ. सुरुवातीला त्या हसत होत्या. पहिल्या पंधरा मिनिटांत हसणं थांबलं. पहिले चाळीस प्रश्न नुसते आकृत्यांचे. चौकोनात बाण, बाणाखाली टिंब, चारांतली वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल. माझ्या पायाला मुंग्या आल्या. सव्वा तास झाला तेव्हा माझा छत्तिसावा प्रश्न चालू होता. गणितं अजून पुढेच. मी घाईनं गोल भरू लागले आणि एक ओळ सोडून खालच्या ओळीत भरत गेले. ते लक्षात आलं तेव्हा सात उत्तरं चुकीच्या जागी पडली होती, आणि पेनाचं खोडता येत नव्हतं. खरं तर मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

बाई खिडकीतून पाहत होत्या. "टाइम झाला. पेन खाली."

त्यांनी उत्तरपत्रिका आतच तपासल्या आणि प्रत्येकाला एकेकट्याला खिडकीशी बोलावलं. मला म्हणाल्या, "एकोनतीस सोडले. सात खाली सरकले. आता घरी जाऊन पोरीवर ओरडशीन?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अजून एक विचारते. तुले पोरगी होस्टेलात पाठवाची आहे, का नुसती लागाची आहे? त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घरी जाऊन नवऱ्याले बी विचार."

मी विचारलं. माझा नवरा प्लांटमध्ये ठेक्यावर काम करायचा. ठेका दरवर्षी बदलायचा आणि दरवर्षी आमची झोप उडायची. तो म्हणाला, "पाठवाची म्हनजे? पाठवाचीच आहे. सात वर्षं तिच्या शिक्षणाची फिकर नाही. ती जर लागली नाही ना, तर मी इथं लोखंड उचलून उचलून काय केलं?" आणि जरा थांबून, "पन मी केलं आहे त्याचं."

"काय केलं?"

तेव्हा मला कळलं की फॉर्म भरून झाला होता. पावर हाउस बाजारातल्या एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात, त्याच्यासोबत काम करणाऱ्या एकाच्या सल्ल्यानं. त्या शाळेत बहुतेक जागा गावात शिकलेल्या मुलांसाठी असतात, तिसरी-चौथी-पाचवी तिन्ही वर्षं गावच्या शाळेत काढलेल्यांसाठी. शहरातल्या मुलांना उरलेल्या मोजक्या जागांवर झगडावं लागतं. रुची जन्मापासून खुर्सीपारात वाढलेली, शाळाही तिथलीच. पण फॉर्ममध्ये 'ग्रामीण' भरलं होतं. माझा दीर याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. तिथल्या एका गुरुजींशी बोलणं झालं होतं. पोरगी लागलीच तर तीन वर्षांचा कागद ते करून देणार होते.

"सगळेच करतात," नवरा म्हणाला. "आपल्याच गल्लीतले करून राहिले. आपन काऊन मागं राहाचं?"

 खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. कुणीतरी काहीतरी केलं, आणि ते मला करावं लागलं नाही, असं ते बरं वाटणं होतं.

चार दिवसांनी बाईंकडे गेले ती वेगळंच विचारायला, परीक्षेला सोबत काय न्यायचं त्याचं. आणि कसं कोण जाणे, तेच तोंडातून निघालं. बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, माहितीपत्रक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवून गजांतून माझ्याकडे केलं.

"वाच."

माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द होईल, असं त्या ओळीत होतं. मी ती आधीही वाचली होती, पहिल्या दिवशी. तिथं थांबले नव्हते, कारण समजली होती.

"बाई, पण कोणी पाहत नाही म्हणतात."

"होऊ शकते. पाहनार बी नाही." त्या म्हणाल्या. "मी पाहतीनच असं सांगत नाही तुले. पन पाह्यलं, तर त्या टेबलासमोर कोन उभं राहीन? तू?"

मी माहितीपत्रक मिटून गजांतून परत सरकवलं.

"ते इचारतीन, बेटा, तुम्हारे गाँव के स्कूल में पेड़ कौन सा था? टीचर का नाम क्या था? अन् पोरगी तुह्याकडे पाहीन. दहा-अकरा वर्षाची पोरगी. तिले तू घरून काय शिकवून पाठवशीन ते ठरव. अन् नाही विचारलं, तरी ती सात वर्षं कोनी विचारीन म्हनून बसून राहीन का नाही, ते बी ठरव." मग माझ्या खांद्यावरून पाहून, "पुढचे."

फॉर्मची तारीख सरल्यावर दुरुस्तीसाठी दोनच दिवस साइट उघडी राहणार होती. शहरी का ग्रामीण, तेवढा रकाना त्यात बदलता येत होता. पहिला दिवस मी काढला तो मशीनवर बसून. एका ब्लाउजची बाही दोनदा उलटी लावली. नवऱ्याला सांगायचं धाडस होईना. सांगितलं तर तो करू देणार नाही हे माहीत होतं, आणि न सांगता केलं तर काय होईल हेही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेला, रुची शाळेत गेली. मी डब्याखालून फॉर्मची पावती काढली आणि दुकान गाठलं. पावती-नंबर आणि जन्मतारीख एवढं पुरे होतं.

"दीदी, साइट नहीं चल रही," कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली. "सबको आज ही सूझा है. शाम को आइए."

"शाम को मेरा आदमी घर में रहेगा," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. मला स्टूल दिलं. पडद्यावर ते चक्र फिरत राहिलं. बारा वाजले. साडेबारा. लोक येत होते, झेरॉक्स काढून जात होते. दोनला पाळी सुटते, अडीचला तो घरी. एक वाजून वीस मिनिटांनी पान उघडलं. तिनं रकाना दाखवला. "बदल दूँ? बाद में वापस नहीं होगा."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. मग होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "दीदी, बोलके बताइए. या आप ही दबा दीजिए." माउस माझ्याकडे सरकवला. मी कधी माउस धरला नव्हता. बाण पडद्यावर इकडेतिकडे पळत होता. तिसऱ्या खेपेला तो जागेवर थांबला आणि मी बटण दाबलं.

नवऱ्याला मी जेवण झाल्यावर सांगितलं. त्यानं हात धुतले, टॉवेलला पुसले, टॉवेल दोरीवर नीट टाकला. म्हणाला, "म्हनजे तिच्या जागेवर तूच पाय ठेवला." त्यानंतर कितीतरी महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. चहा, डबा, किल्ली.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या गेटवर बाई हजर होत्या. त्या दरवर्षी जायच्या हे मला तोवर माहीत नव्हतं. लेकरांच्या रांगेकडे पाठ करून त्या उभ्या होत्या, आणि आत गेलेल्या मुलांचे आईबाप गेटाला चिकटले की त्यांना हाकलत होत्या. "हटिए यहाँ से. खिड़की से बच्चे को आपका चेहरा दिखता है. जाइए, चाय पीजिए." कुणी ऐकत होतं, कुणी उलट बोलत होतं. एका बापानं तर त्यांना ढकललं. बाई दोन पावलं मागे गेल्या, चष्मा सावरला आणि पुन्हा त्याच जागी येऊन म्हणाल्या, "हटिए." तो हटला.

दोन तासांनी मुलं सुटली. रुची आली ती गप्पच. मी काही विचारलं नाही, तेवढं त्या रविवारी शिकले होते. पण बाजूलाच ओरडणं ऐकू आलं. त्या स्मृति नगरच्या मॅडम. त्यांनी आपल्या मुलीचा दंड धरला होता.

"दस छोड़ दिए? दस? घड़ी किसलिए दी थी तुझे? तुक्का भी नहीं मार सकती थी?"

मुलगी रडत नव्हती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि ती आईच्या हाताकडे पाहत होती. लोक बघत होते. मॅडमनी दुसरा हात उचलला.

आणि मध्ये बाई आल्या. मी त्यांना तोवर लेकराच्या इतकं जवळ पाहिलं नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅडमच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या आणि पूछताछ खिडकीतल्यासारख्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा सपाट आवाजात म्हणाल्या, "आपने मेरे बरामदे में चौंतीस छोड़े थे."

मॅडमचा हात तसाच राहिला.

"चौंतीस," बाई म्हणाल्या. "और आप दो बार पानी पीने उठी थीं."

कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. मॅडमचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता त्या बाईंना मारतात. पण त्यांनी मुलीचा दंड सोडला. मुलीच्या दंडावर चार बोटं उमटली होती. मॅडमनी ती पाहिली, आणि तिथंच, धुळीत, त्या चांगल्या साडीनिशी खाली बसल्या आणि मुलीला जवळ ओढलं. बाई तोवर निघूनही गेल्या होत्या, ऑटो स्टँडकडे, भरभर, कुणी मागून बोलावेल म्हणून घाबरल्यासारख्या.

निकाल लागला तो उन्हाळा तापायला लागल्यावर. रुचीचं नाव नव्हतं. दुसरी यादी आली, तीतही नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या ज्या घरानं गावचा कागद केला होता, त्यांच्या मुलीचं नाव पहिल्याच यादीत होतं. कागद तपासले, कुणी झाडाचं नाव विचारलं नाही. पेटी-बिछाना घेऊन पोरगी गेलीसुद्धा. जाताना आमच्या दारात पेढे ठेवून गेले. नवऱ्यानं ते उचलले नाहीत आणि फेकलेही नाहीत. मुंग्या लागल्यावर मी उचलले.

मी हुडकोला गेले ती तणतणत. खिडकीशी दोघं होते, त्यांना बाजूला सारून मी गज धरले.

"बाई, त्यांची लागली! काहीच झालं नाही त्यांचं. माझी पण लागली असती!"

"लागली असती कदाचित," बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या समजावतील, प्रामाणिकपणाचं काही सांगतील. तसं काही बोलल्या असत्या तर मी सोबत आणलेले याद्यांचे कागद गजांतून त्यांच्या तोंडावर फेकणार होते. पण त्या म्हणाल्या, "अन् ती पोरगी गेली ते चांगलं झालं. तिनं काय केलं? तिनं तर पेपर दिला अन् पास झाली. शिकू दे तिले."

"मग मी काऊन बदललं?" मी रडत विचारलं.

"ते मले नाही इचाराचं. बटन तू दाबलं. मी तर त्या दिवशी इथं वांगे चिरून राहिली होती." त्या मग स्टुलावरून उतरल्या, गजांजवळ आल्या. त्यांचे डोळे इतके जवळून मी पहिल्यांदा पाहिले. एकात ढगासारखं पांढुरकं काही होतं. "रुचीले काय सांगतलं?"

"काय सांगणार? नाव नाही आलं म्हणून सांगितलं."

"अन् जागा किती होत्या, ते? शहरातले किती पोरं बसले होते, ते? तिच्या फॉर्मात काय होतं अन् काय झालं, ते? दोन यादीत नाव नाही, घरी माय-बाप एकमेकाशी बोलत नाही. तिले काय वाटून राहिलं असन सांग? मी ढ आहे म्हनून हे सारं झालं, असंच ना? सारा पेपर तू समजून घेतला. अन् जिनं देल्ला तिलेच कोनी समजावून नाही देल्ला."

मी गज सोडले. मागच्या दोघांतला एक हळूच म्हणाला, "बहनजी, हो गया क्या?"

रुचीला मी दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. शिवणाच्या मशीनशेजारी बसवून. जागांचं, शहर आणि गावाचं, काकांच्या गावच्या कागदाचं, दुकानातल्या त्या रकान्याचं. काही लपवलं नाही. बोलताना माझ्या लक्षात आलं की नवरा पाळीवरून आलाय आणि दारातच चपला न काढता उभा आहे. मी थांबले नाही.

रुचीनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "मतलब मैं लास्ट नहीं आई?"

"नाही गं बाई."

"मले वाटलं मी लास्ट आली. म्हनून पप्पा बोलत नाही."

दारात काही हललं. रुची उठली, तिच्या गादीखालून एक वही काढली. शेवटच्या पानावर तिनं आकृती काढली होती. चौकोन, त्यात बाण, एका कोपऱ्यात टिंब, आणि खाली ए-बी-सी-डी चार उत्तरं. परीक्षेतून आल्या दिवशीच आठवून काढलेली, कितीदा तरी खोडून पुन्हा काढलेली. कागद तिथं पातळ झाला होता.

"हा एकच मले बिलकुल नाही आला. घुमाकर कैसा दिखेगा, असं होतं."

मी वही हातात घेतली. मलाही काही उमगेना. तेव्हा नवरा पुढे आला. त्याचं काम रिगरचं, क्रेनला लोखंडी बोजा बांधायचा आणि तो वर गेल्यावर कुठल्या बाजूला फिरेल हे आधीच ओळखून लोकांना हटवायचं. तो खाली बसला, वही जमिनीवर ठेवली आणि दोन बोटांनी हळूहळू फिरवली. बोटांना ग्रीस होतं, पानाला डाग पडला.

"हे पाहा. बाण इकडे आला. मंग टिंब कुठं जाईन?"

"वर?"

"वर नाही, बेटा. ते चौकोनासंगं फिरते. पाहा." त्यानं पुन्हा फिरवली. "बी."

"बी!" रुची ओरडली. "मी सी करून आली!"

तो हसला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "चाय मांड ना." त्या तीन शब्दांचा आवाज आदल्या सगळ्या महिन्यांतल्या 'चहा'सारखा नव्हता. मी उठले आणि मोरीत जाऊन आधी तोंड धुतलं.

हे सांगायला मी बाईंकडे गेले. म्हटलं, सांगून टाकलं तिला सगळं. बाईंनी नुसतं "हं" केलं. मग मी आकृतीचं सांगितलं, तशा त्या स्टुलावर सरळ बसल्या.

"कशी होती? काढ."

मी गजांतून त्यांचा कागद-पेन्सिल घेतला आणि काढली. त्यांनी एक चष्मा घातला, काढला, दुसरा घातला. कागद डोळ्याला लावला, लांब धरला. मागे रांग वाढत होती.

"सी," बाई म्हणाल्या.

"बी आहे, बाई."

"सी आहे. पोरगी बरोबर करून आली."

"माझ्या मालकानं फिरवून दाखवलं. बी आहे."

"तुह्या मालकानं उलटं फिरवलं असन! घड्याळाच्या काट्यासारखं फिरवाचं का उलटं, हे लिहिलं होतं का पेपरात? विचारलं का पोरीले?"

ते मी विचारलं नव्हतं. आम्ही दोघी भांडलो. गजांच्या अलीकडून मी कागद फिरवत होते, पलीकडून त्या, आणि दोघींच्या हातातला तो एकच कागद फाटायला आला. रांगेतल्या एकानं घसा खाकरला, तर बाई त्याच्यावर खेकसल्या, "रुकिए ना दो मिनट! यहाँ ज़रूरी काम चल रहा है." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा एखाद्या शाळकरी मुलीसारखा लालबुंद झाला होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "पोरीले विचारून ये. कोनत्या बाजूनं फिरवाचं होतं ते. उद्या ये, मी सिद्ध करून देते."

दुसऱ्या दिवशी ब्लाउजांची घाई होती, मी गेले नाही. चार दिवसांनी गेले तर जाळीला कुलूप. शेजारीण म्हणाली, भाचा येऊन नागपूरला घेऊन गेला, डोळ्याच्या ऑपरेशनला. मग कळलं की आता त्या तिकडेच राहणार आहेत. घर विकलं गेलं, नव्या लोकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला काच बसवली.

रुचीला मी विचारलं होतं, त्याच दिवशी संध्याकाळी. ती म्हणाली, घड्याळाच्या काट्यासारखं, आणि नवऱ्यानंही वही तशीच फिरवली होती. म्हणजे बी. पण बाईंना ते कुणी सांगितलं नाही, त्यामुळे माझी खात्री आहे की नागपुरात त्या अजून सी धरूनच बसल्या असतील.